वेरूळकर म्हणून ठाऊक असलेला इसम

राहुरी पोलीस ठाणे, माहे जानेवारी १९४४. धर्मशाळेत मयत झालेल्या अनोळखी इसमाबाबत जबाब.

माझे नाव लंकाबाई कोम सहादेव म्हसे, वय पन्नाशीच्या पुढे, नक्की कोणी मोजलेले नाही, जात मराठा, धंदा धर्मशाळेची राखण व झाडलोट, राहणार राहुरी, स्टेशनच्या रस्त्यावरील धर्मशाळा. समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

सदर धर्मशाळा काकासाहेब यांच्या आजोबांनी बांधलेली असून हल्ली काकासाहेब तिचा कारभार पाहतात. माझे मालक तिची राखण करीत. ते वारल्यावर काम माझ्याकडे आले. मूलबाळ नाही. माहेरी कोणी उरलेले नाही. हवालदारसाहेबांनी विचारले म्हणून सांगते, एरवी मला हे कोणी विचारत नाही.

राहुरीस उतरणाऱ्या माणसांच्या जागा ठरलेल्या आहेत. साहेबलोक व मामलेदार सरकारी बंगल्यात उतरतात. तिथला बटलर चिठ्ठी पाहिल्याशिवाय फाटकाची कडी काढत नाही, मग बाहेर माणूस उन्हाने वाळून जावो. वकिलांकडे आलेले पक्षकार खानावळीत जातात. तिथे आधी जात सांगावी लागते, मग पाट मिळतो. बैरागी मारुतीच्या देवळात पडतात. उरलेसुरले सगळे माझ्या पदरात. शिर्डीस जाणारे, दवाखान्यात माणूस आणलेले, बैलबाजाराचे, लग्नाची वऱ्हाडे. देवाला जाणारा जागा घाण करतो पण निघताना पाया पडतो. व्यापारी जागा स्वच्छ ठेवतो आणि कंदिलातले रॉकेल काढून नेतो. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही हे साहेबांना ठाऊक आहेच.

आमच्या धर्मशाळेत उतरणाऱ्याला नाव विचारायचे नाही, अशी काकासाहेबांच्या आजोबांपासूनची रीत आहे. नाव आले की आडनाव येते, आडनावामागून जात येते, आणि मग कोणाची चूल कोणाच्या चुलीपासून किती लांब, यावरून डोकी फुटतात. म्हणून दारात एकच विचारायचे, कुठून आलात. जे गाव सांगतील त्या गावाच्या नावाने हाक मारायची. पैठणकर, पाणी आले. येवलेकर, विस्तव विझवा. माझ्या सासूने मला हे शिकवले व मी ते आजवर पाळले. यात माझी चूक झाली असे आज हवालदारसाहेब म्हणतात. असेल.

मयत इसम दर हिवाळ्यात एकदा येत असे. किती वर्षे ते सांगता येणार नाही, पण पहिल्यांदा आला तेव्हा माझे मालक जिवंत होते. वय साठीचे. अंगात कोट, डोक्याला टोपी, पायात बूट, हातात छत्री व एक पिशवी. बोलणे शिकलेल्या माणसाचे. बंगल्यात त्याला घेतला नाही कारण चिठ्ठी नव्हती. खानावळीत तो जातच नसे. तिथे फार विचारतात, असे म्हणाला होता.

तो कशासाठी हिंडत असे, हा प्रश्न मला तीनतीनदा विचारण्यात आला. त्याचे उत्तर एकच आहे, बघायला. तो देवाला जात नव्हता, त्याचा माल नव्हता, सोयरीक नव्हती, कोर्टकचेरी नव्हती. नेवाशाचा ज्ञानेश्वरांचा खांब बघून आला. नगरची चांदबीबीची माडी बघून आला. रंध्याचा धबधबा बघायला इतक्या लांब गेला आणि धबधब्याला पाणीच नव्हते, तरी खूश होऊन आला. नगरच्या किल्ल्यात हल्ली काँग्रेसची मोठी मंडळी कोंडली आहेत, तिकडे तो घिरट्या घालीत होता काय, असे साहेबांनी विचारले. मला माहीत नाही. मला तरी तो पत्रके वाटणाऱ्यांतला वाटला नाही. त्याला धड चूल पेटवता येत नसे. धूर करून सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लावी. शेवटी मीच फुंकणी घेऊन बसायची.

मला वाटे, बाई, हा वेडाबिडा आहे की काय. मी एकदा त्याला तोंडावर म्हटले, की दगडं बघायला कोणी गाडीभाडे घालतं काय, घरात बसून पोराबाळांची तोंडे बघावीत. तो हसला नाही. म्हणाला, “घरी बघायला कुणी असतं तर बाहेर कशाला पडलो असतो, लंकाबाई?” मी पुढे विचारले नाही. न विचारण्याचीच सवय.

संध्याकाळी तो ओट्यावर बसून काय काय पाहिले ते मला सांगत असे. मी तांदूळ निवडत ऐकत असे. मी नगरच्या पलीकडे पाऊल टाकलेले नाही. वेरूळला डोंगर वरून खाली कोरत आणून देऊळ केले आहे, हे त्याने सांगितले तेव्हा मी त्याला थापाड्या म्हटले. वर्षात एवढाच माणूस माझ्याशी बसून बोलायचा. बाकीचे पाणी मागतात, झाडू मागतात, जागा मागतात. थंडी पडू लागली की मी रस्त्याकडे बघत असे, हेही लिहून घ्या. लाज कसली त्यात.

या खेपेस तो आला तो तापाने फणफणलेला. कुठून आलात विचारले, तर वेरूळहून म्हणाला. तीन रात्रींवर कोणालाही ठेवायचे नाही असा धर्मशाळेचा कायदा आहे. मुदत भरली तेव्हा काकासाहेब स्वतः आले व म्हणाले, याला उद्या हलव, इथं काही झालं तर निस्तरायचं कोणी. मी त्यांना सांगितले, की धर्मशाळा तुमची, माझी खोली माझी. मी त्याला धरून माझ्या खोलीत नेला व माझ्या बाजेवर निजवला. लोक काय म्हणतील असे काकासाहेब म्हणाले. या वयात लोक माझ्याबद्दल काही म्हणाले तर बरेच की. दवाखान्याचे औषध आणून दिले. पेज दिली. काल दुपारी त्याने पाणी मागितले. घागर रिकामी होती म्हणून मी आडावर गेले. परत आले तेव्हा त्याचा प्राण गेलेला होता. घागर मी तशीच खांद्यावर घेऊन किती वेळ उभी होते ते मला सांगता येत नाही.

मी ठाण्यात वर्दी देताना मयताचे नाव वेरूळकर सांगितले. त्यावरून हवालदारसाहेबांनी धर्मशाळेत उतरलेल्या वेरूळच्या मंडळींना आणून मयत दाखवला. ते शिर्डीहून नगरकडे चालले होते. आमच्या गावचा नव्हे, असे सगळे म्हणाले. तेव्हा मला आठवले, की मागच्या हिवाळ्यात मी त्याला मनमाडकर म्हणत होते. त्याआधी पैठणकर. एका वर्षी नाशिककर. मी गाव विचारत गेले आणि तो शेवटचा मुक्काम सांगत गेला. त्याचे गाव मला ठाऊक नाही. नाव ठाऊक नाही. मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे मी माणूस ओळखते म्हणून मिरवत होते.

पिशवीत एक घोंगडी, एक ताट, वाटी व दाढीचे सामान मिळाले. लेखी काही मिळाले नाही. मुसलमान नव्हे इतके पंचांनी पाहून लिहिले आहे. गळ्यात जानवे नाही, माळ नाही. जात कळत नाही. काकासाहेब म्हणाले, की जात कळल्याशिवाय गावातले कोणी खांदा देणार नाही. हवालदारसाहेब म्हणाले, की संध्याकाळपर्यंत नातलग न आल्यास मयत बेवारस धरून गाडीवर घालून ओढ्यापलीकडे पुरतील.

त्यावर मी म्हटले, की लिहा, माझा भाऊ हाय. हवालदारसाहेब म्हणाले, की खोटे लिहून दिले तर बाई तुरुंगात जाशील. मग मी म्हटले, की बरं, खरं तेच लिहा. तो माझा भाऊ नाही, नवरा नाही, गाववाला नाही. माझ्या जातीचा आहे की नाही देव जाणे. पण तो माझ्या खोलीत, माझ्या बाजेवर मेला. त्याला पुरायचा नाही, जाळायचा. विस्तव माझ्या चुलीतला न्यायचा. खांदा कोणी देत नसेल तर गाडीवर घाला, गाडीपुढे मडके घेऊन मी चालते. बाईमाणसाने असे करू नये असे काकासाहेब म्हणाले. मी म्हटले, “मग तुमी धरा मडकं.”

साहेबांनी विचारले, की बाई, हे सगळे तू कोणत्या नात्याने मागतेस. मी सांगितले ते माझ्याच शब्दांत लिहावे:

“सायेब, मी मेल्यावर मला न्यायला कुनी न्हाई, हे मला ठावं हाय. पर त्याला न्यायला मी हाय. मी बसलीया हितं, तुमच्या म्होरं. मग तो बेवारस कसा?”

यापेक्षा मला जास्त काही सांगायचे नाही.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसा तो आहे. मात्र सोबतचा पंचनामा वाचला तेव्हा त्यात ‘मयत बेवारस’ असे निघाले, ते खोडल्याशिवाय मी अंगठा देणार नाही असे सांगितले. मग साहेबांनी ते अक्षर खोडले, बाजूला सही केली, आणि वारसाच्या जागी माझे नाव लिहिले. तेवढे मी त्यांच्याकडून पुन्हा वाचवून घेतले. बरोबर आहे.

निशाणी अंगठा, लंकाबाई कोम सहादेव म्हसे.