वाढत्या मापाचे बूट

(शनिवारची दुपार. अपूर्वा हायडेलबर्गच्या घरी; ऊर्मिला श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात, मुलगी उर्जा हिच्या स्नोबोर्ड-कॅम्पसाठी भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये. दोघी फोनवर.)

अपूर्वा : …इप्सिताच्या ट्रेनरनं मला स्पष्ट सांगितलं होतं गं, ऊर्मिला. 'इतके मोठे घेऊ नका, पाय आत खेळेल.' आणि मी हसून म्हटलं, खेळू दे की, वाढत्या अंगाची पोर आहे, पुढच्या वर्षी बरोबर बसतील.

ऊर्मिला : मग बरोबरच बोललीस! मीपण उर्जाला काल हेच सांगितलं. डोंबिवलीत आमचे शाळेचे बूट कायम एक माप मोठे. पुढे कापूस कोंबायचा. जूनमध्ये कापूस जास्त, पाय कमी. मार्चपर्यंत कापूस निघायचा आणि बूट फाटायचे. मेलो का आपण?

अपूर्वा : ते चालायचे बूट होते. हे रेसिंगचे हार्डबूट आहेत, कडक प्लॅस्टिकचे. दोन्ही पाय बोर्डाला जखडलेले. गुडघा झुकवला की त्याच क्षणी बोर्ड झुकायला हवा. आत पाय सुटा असला की आधी टाच वर येते, मग केव्हातरी बोर्ड वळतो.

ऊर्मिला : आल्झो, म्हणजे तू फोन केलास तो बुटांवर लेक्चर द्यायला? मला वाटलं ग्रुपवरचा फोटो बघून कौतुक करशील. काय दिसतेय ना माझी पोरगी! अकराव्या वर्षी मला डोंबिवली स्टेशनचा जिना उतरताना भीती वाटायची.

अपूर्वा : फोटो बघूनच केला. ते निळे बूट इप्सिताचे आहेत. तुझ्याकडे कसे?

ऊर्मिला : आता गं! तुला माहीतच नाही? दिवाळीत तू पुण्याला होतीस तेव्हा आम्ही आलो होतो ना डार्मश्टाटहून, तेव्हा तुझा नवरा खाली तळघरात केलर आवरत बसला होता. म्हणाला, घेऊन जा, पडूनच आहेत. मी उड्याच मारल्या. नवे घेतले तर एका सीझनमध्ये पाय बाहेर, हे निदान दोन सीझन जातील.

अपूर्वा : मला बोलला नाही तो.

ऊर्मिला : परत हवेत का? सरळ सांग, मला राग नाही येणार. इप्सिता परत सुरू करतेय? तूच म्हणालीस तिला कंटाळा आला, ती आता बुद्धिबळ खेळते.

अपूर्वा : बुद्धिबळ खेळते. कंटाळा नव्हता आला.

ऊर्मिला : म्हणजे?

अपूर्वा : सगळ्यांना तसं सांगणं सोपं पडलं. ते सांगते तुला. आधी मला एक सांग. उर्जा बुटाची बक्कलं पट्टीच्या कितव्या दातावर लावते?

ऊर्मिला : मला काय माहीत! मी काय दात मोजत बसते? बऱ्यापैकी घट्ट लावते एवढं माहीत आहे. ते वरचं, पावलावरचं, लावताना तर पार लाल होते तोंडानं.

अपूर्वा : शेवटच्या दातावर?

ऊर्मिला : असेल. शेवटच्याच. मी मदत करायला गेले तर 'ममा, लास मिश', सोड, मी करते, म्हणून हात झटकला. स्वतःचं स्वतः करते म्हणून मी कौतुकानं बघत होते.

अपूर्वा : इप्सितापण तसंच करायची. आणि मीपण कौतुकानंच बघत होते.

ऊर्मिला : अपू, हे बघ. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू झोपाळ्यावर बसलेल्या पोराला हेल्मेट घालशील. माझ्या पोरीच्या बारशाला तू पाळण्याचे स्क्रू तपासलेस, मी विसरलेले नाही.

अपूर्वा : एक सैल होता.

ऊर्मिला : एक सैल होता, जा, गेनाऊ, अगदी बरोबर! पण उरलेले घट्ट होते ना? दर वेळी तुझं असंच. मागच्या वर्षी ग्रिल-पार्टीला तू सांगितलंस कोळसा बदला, त्याच्या आधी मशरूम फेकायला लावलेस. माणसं हसतात गं. मीपण हसते.

अपूर्वा : हस तू. पण उद्या तिची रेस आहे ना?

ऊर्मिला : क्लबातली आहे, काही ऑलिम्पिक नाही. दोन फेऱ्या. आणि आज दिवसभर केलाच की सराव. एक शब्द तक्रार नाही. आल्यापासून खोलीत पांघरुणात मोबाइल घेऊन पडली आहे, मजेत.

अपूर्वा : बूट काढल्यावर कशी चालली?

ऊर्मिला : चालली म्हणजे… सगळी पोरं चालतात तशी. बदकासारखी. दिवसभर त्या प्लॅस्टिकमध्ये उभी होती, माणूस थोडा तरी—

अपूर्वा : तू विचारलंस तिला, दुखतंय का म्हणून?

ऊर्मिला : विचारलं तर! मी काय आई नाही? म्हणाली, आलेस गूट, सगळं ठीक.

अपूर्वा : हं.

ऊर्मिला : हं काय? हं करू नकोस, मला भीती वाटते तुझ्या 'हं'ची.

उत्कर्ष : (खोलीत येत) कुणाशी बोलते आहेस? ऊर्मिला का? स्पीकरवर टाक. काय गं, कसा आहे बर्फ?

ऊर्मिला : बर्फ मस्त आहे, बायको तुझी घाबरवते आहे. तूच सांग बाबा, त्या बुटांना काही झालं आहे का?

उत्कर्ष : बुटांना? काहीच नाही. चांगल्यात चांगलं मॉडेल आहे. उलट मी त्यात कितीतरी सुधारणा केल्या आहेत. टाचेमागे फोम, खाली दुहेरी इनसोल, घोट्याजवळ प्लॅस्टिक तापवून बाहेरच्या बाजूला फुगवलं आहे. दुकानातल्यापेक्षा नीट काम आहे.

अपूर्वा : कुणासाठी केलं होतंस ते सगळं?

उत्कर्ष : इप्सूसाठी. म्हणजे काय?

अपूर्वा : इप्सूच्या घोट्यासाठी जिथे फुगा काढलास, तिथे उर्जाचा घोटा आहे का? आणि दुहेरी इनसोल का घातले होतेस, ते सांग तिला.

उत्कर्ष : बूट मोठा होता म्हणून. जागा भरायला.

अपूर्वा : आणि खालून जागा भरल्यावर पाऊल वर गेलं. टाच तरी हलतच राहिली, म्हणून ती बक्कल आवळत गेली. वर पावलावर प्लॅस्टिक दाबत गेलं. मग तुला वाटलं प्लॅस्टिक टोचतंय, म्हणून तू तापवून फुगा काढलास. मग बूट आणखी सैल झाला. मग तिनं आणखी आवळलं. आपण तीन महिने एका मोठ्या बुटाला लहान करत होतो, उत्कर्ष. लहान बूट घेतला नाही.

उत्कर्ष : तू ही सगळी जंत्री तिच्यापुढे का—

ऊर्मिला : थांबा, थांबा. मला कुणीतरी नीट सांगा. इप्सिताला झालं काय?

उत्कर्ष : नस दबली होती. पावलावरची. बऱ्याच जणांना होतं, डॉक्टर म्हणाले. चालते, धावते, सगळं करते.

अपूर्वा : अंगठा आणि शेजारचं बोट, त्यांच्या बेचक्यात तिला काही कळत नाही. मागच्या फेब्रुवारीपासून. परवा वरण वाढताना माझ्या हातून पळीभर सांडलं तिच्या पायावर. कुकरमधलं, उकळतं. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती, सांगतच राहिली. मी ओरडले तेव्हा तिनं खाली बघितलं. मग म्हणाली, 'ओह.'

ऊर्मिला : अगं बाई.

अपूर्वा : फोड आला होता टपोरा.

ऊर्मिला : पण… पण तुला कसं कळलं नाही, अपू? तुला? तुला सैल स्क्रू कळतो!

उत्कर्ष : ऊर्मिला, असं नको बोलूस तिला.

अपूर्वा : बोलू दे. मी रोज विचारत होते. प्रत्येक फेरी संपली की जाळीपाशी उभी राहून विचारायचे, 'इप्सू, दुखतंय का? टोचतंय का? घट्ट होतंय का?' गाडीत विचारायचे. जेवताना विचारायचे. आणि ती दर वेळी म्हणायची, आलेस गूट. इतक्या वेळा म्हणायची, की मला वाटलं मी चांगलं लक्ष ठेवते आहे.

ऊर्मिला : खोटं का बोलली पण? आवडत होतं म्हणून?

अपूर्वा : आवडत होतं. तेही होतं. पण मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मी हो म्हटलं असतं तर तुझं तोंड तसं झालं असतं. मी विचारलं, कसं? तर तिनं करून दाखवलं.

ऊर्मिला : काय करून दाखवलं?

अपूर्वा : माझं तोंड. भुवया अशा वर, ओठ आत. हुबेहूब केलं. बारा वर्षांची पोर. ते तीन महिने ती माझं तोंड सांभाळत होती, ऊर्मिला. पाय तिच्या खिजगणतीतही नव्हता.

उत्कर्ष : हे मला नव्हतं सांगितलंस तू.

अपूर्वा : काय सांगायचं होतं?

उत्कर्ष : मला वाटायचं तिनं फोम वगैरेमुळे… मला वाटायचं माझ्यामुळे सोडलं तिनं. म्हणून तर दिले ते देऊन. रोज सायकल काढताना केलरमध्ये समोर यायचे. तू येईपर्यंत जाऊ देत म्हटलं घरातून.

अपूर्वा : मग फेकून द्यायचे होतेस.

उत्कर्ष : इतके चांगले बूट कोण फेकतं?

ऊर्मिला : तुम्ही दोघं नंतर भांडा. मला सांगा मी आता करू काय! उद्या सकाळी रेस आहे. ट्रेनरकडे क्लबाची एखादी जोडी असेल का?

उत्कर्ष : असते. निदान असायची. पण आधी आतला मऊ बूट बाहेर काढायचा. नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात तिचा पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि मागे टाचेपाशी किती जागा उरते ते बघायचं. एक बोट बसलं तर रेसिंगला ठीक. त्या निळ्यांत आमच्या इप्सूची टाच आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये माझी तीन बोटं जायची.

ऊर्मिला : आणि तरी तू म्हणालास दोन सीझन जातील!

उत्कर्ष : तू म्हणालीस. मी फक्त हो म्हटलं.

ऊर्मिला : आणि क्लबाकडे मापाची जोडी नसली तर?

अपूर्वा : तर उद्या ती रेस करणार नाही.

ऊर्मिला : तुला सांगायला सोपं आहे. तिनं तीन आठवडे कॅलेंडरवर खुणा केल्या आहेत. वर्गात सगळ्यांना सांगून आली आहे. मी नाही म्हटलं तर ती महिनाभर माझ्याशी बोलणार नाही.

अपूर्वा : नाही बोलणार. इप्सिता बोलते माझ्याशी. शाळेचं सांगते, मैत्रिणींचं सांगते, बुद्धिबळात कशी हरली ते चाल चाल सांगते. फक्त कुठे दुखतं ते सांगत नाही. ताप आला तरी मला कपाळाला हात लावून कळतो. तुला कोणतं हवं ते तू बघ.

ऊर्मिला : असं नको गं बोलूस.

अपूर्वा : चुकलं. घाबरवायचं नव्हतं. कदाचित काहीच नसेल. एका दिवसात काही होत नाही फारसं, खरंच. एका दिवसाचं असेल तर बूट काढल्यावर तासाभरात जातं.

ऊर्मिला : एक दिवस नाही.

अपूर्वा : काय?

ऊर्मिला : डिसेंबरपासून चालू आहे. प्रत्येक शनिवारी हॉलमध्ये जातो ना आम्ही, तो आत बर्फ केलेला. तिथे हेच घालते. तुला सांगितलं नाही, म्हटलं थोडं शिकू दे, मग तुला सरप्राइज देऊ. इप्सिताबरोबर उतरवू दोघींना एकदा.

उत्कर्ष : डिसेंबरपासून प्रत्येक शनिवारी?

ऊर्मिला : मी काचेमागे कॉफी पीत बसायचे. खाली आली की अंगठा वर करून दाखवायची.

अपूर्वा : ऊर्मिला, ऐक. रडू नकोस. तोंड धुऊन घे आधी. खरंच सांगते, गार पाण्यानं तोंड धू, मग तिच्या खोलीत जा.

ऊर्मिला : जाऊन काय विचारू?

अपूर्वा : विचारू नकोस. विचारलंस तर ती आधी तुझ्याकडे बघेल आणि मग उत्तर ठरवेल. पलंगावर तिच्या पायाशी बस. मोजे काढ. डोळे मिटायला सांग, खेळ आहे म्हणून सांग हवं तर. मग एकेका बोटाला हलकेच हात लाव, बेचक्यांतपण लाव, आणि तिला म्हणायला सांग कुठे लागला ते. मधेच एकदा हात लावूच नकोस, नुसतंच विचार.

उत्कर्ष : डॉक्टरांनी तसंच केलं होतं.

अपूर्वा : इप्सितानं सगळी उत्तरं दिली होती. पटापट. मी मनात म्हटलं, चला, ठीक आहे. शेवटचं बोट तिनं सांगितलं तेव्हा डॉक्टरांचा हात टेबलावर होता.

ऊर्मिला : आणि उर्जानं बरोबर सांगितलं तर?

अपूर्वा : तर ग्रुपवर लिही, अपूर्वा परत एकदा वेड्यासारखी वागली. सगळ्यांबरोबर मीपण हसेन.

ऊर्मिला : नाही सांगितलं तर?

उत्कर्ष : मी गाडी काढतो आहे, ऊर्मिला. अडीच तासांत येतो. तोवर बुटांना हात लावू देऊ नकोस तिला.

ऊर्मिला : अपू… तू बोल ना काहीतरी.

अपूर्वा : मी फोन ठेवत नाही. तू जा, तिला बघून ये.