डबा खाताना सांगितलेला आकडा

हॅलो?… हां, बोल पूजा… न्हाई गं, आज सुट्टी टाकलीय ना, कोल्हारला आलेय भावाकडं… पुतणीचा साखरपुडा हाय, घर भरलंय नुसतं… मोठ्यानं बोल, इथं रेंज न्हाई…

काय? सरांच्या केबिनपाशी उभी हायस? कशाला?… पगाराचं बोलायला?… थांब, थांब. आत जाऊ नकोस. मी अंगणात येते…

हां, आता बोल… व्हय, मीच सांगितलं तुला. त्या दिवशी लॅबमधे, डबा खाताना. अठरा… हो, हो… अगं ऐक ना! माझं नाव घेऊन मागणार तू? ताईंना अठरा, मग मला तेरा का, म्हणून?… पूजा, सर रजिस्टर उघडतील. खोटी पडशील. नवी हायस तू, उद्यापासून येऊ नको म्हणतील…

तसं न्हाई गं. तुझं चुकत न्हाई. माझं चुकलं… मला अठरा न्हाईत.

न्हाई… सतरा पण न्हाईत…

तू पटकन म्हणालीस ना, "मला तेरा देतात ताई, तुम्हाला किती?" सगळ्या माझ्या तोंडाकडं बघाय लागल्या. तुला रक्त काढायला मी शिकवलं. नस सापडत नव्हती तुला, तर माझा हात पुढं केला मी… कसा सांगू आकडा? लाज वाटली गं. तोंडाला आलं ते बोलले. इथं माहेरी पण तेच सांगून ठेवलंय…

किती म्हणजे… तुझ्यापेक्षा कमी… अकरा.

अकरा… अगं अकरा!… ऐकू येत न्हाई? हॅलो?… आत जाऊ नकोस, ऐक!… अकरा हजार! बारा वर्षं झाली मला तिथं, अन् अकरा हजार देतात!…

ऐकलंस ना?… रडतेस काय? तू कशाला रडतेस, वेडे?… काय? तरी जाणार?… दोघींचं बोलणार?… न्हाई गं बाई, माझं नको काढू… पूजा?… हॅलो? हॅलो?…

कट झाला.

…काय न्हाई वहिनी, कामावरची पोरगी हुती… व्हय. ऐकलं तुमी ते खरं हाय. अकराच हाय माझा पगार… द्या ते ताट इकडं, मी नेते.