मूठभर पीठ

—घ्या हो सिस्टर, हवं तेवढं रक्त घ्या, म्हाताऱ्या फेस्टीकडे द्यायला आता तेवढंच उरलंय — आणि तेही पातळ, डॉक्टर म्हणतो. हसू नका, सुई हलेल. काय शोधताय, ते गव्हाचं ना? माहितीय. माझी नात डर्व्हला, नऊ वर्षांची, गव्हाचा कण पोटात गेला की आडवी. रक्तातून येतं म्हणे, पिढ्यान्‌पिढ्या — असतं पुष्कळांत, बाधतं थोड्यांना. मग पोरीला आलं कुठून? मी सहा वर्षं गावभर सांगत फिरलो — सुनेकडून! तिच्या माहेरची, तिकडची कॉर्कची माणसं, पावाला भिणारी! पबमध्ये सुनेची, नोरीनची नक्कल करायचो, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचतानाची — लोक लोळायचे हसून. आणि गेल्या महिन्यात नोरीनचं रक्त तपासलं, तर तिच्यात नाहीच! माझ्या मुलात आहे. म्हणजे एक तर मी, नाही तर माझी बायको, डेलिया. ती जाऊन अकरा वर्षं झाली, भांडायला थोडीच येणार... हो, आलं मनात, तिच्यावर ढकलावं. असा मी.

काय म्हणालात — यात कुणाचा दोष नसतो? रक्ताचा नसेल हो. हाताचा असतो ना.

मे महिन्यात गावाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना हो, आमच्या घरी होती. सगळे शेजारी, फादर, नंतर न्याहारी. पोरीचा पाव नोरीन वेगळा करते, तांदळाच्या पिठाचा. तिची पाठ वळली आणि मी त्यात मूठभर गहू टाकला — गव्हाचं पीठ हो. गंमत म्हणून. नाही, गंमत नाही. पोरगी खाऊन ठणठणीत राहिली की, सगळं खूळच आहे म्हणून, भर पंगतीत सुनेचं पितळ उघडं पाडायचं होतं. दोन तासांनी कपावर चमचा वाजवला, सगळे गप्प झाले, मी उभा राहिलो — आणि समोर डर्व्हला पांढरी पडलेली. मग काय बोललो? फादरचे आभार मानले!

आठ दिवस पोरगी अंथरुणात. आणि नोरीनला वाटलं, चूक तिच्याच स्वयंपाकघराची. भांडी घासघासून बोटं सोलली तिची. आईकडून आलेली लाकडी परात, ती मळायची त्यात — टाकून दिली. कचऱ्यापर्यंत कुणी नेली? मी नेली. ती म्हणाली, तुम्ही आहात म्हणून बरं. सिस्टर, तसं म्हणाली हो ती मला!

झालं? एवढीशीच बाटली? निकाल कधी — दहा दिवसांनी. मग कागदच बोलेल, आणि मी केलेलं त्याच्या मागे लपवीन, ओळखतो मी मला. नोरीन बाहेर बसलीय, तीच घेऊन आली मला गाडीतून, अंगावर शालसुद्धा तिचीच... बोलवा तिला आत.

नाही, चक्कर नाही येत. बोलवा म्हणतो ना.

ये गं. बैस. सिस्टर, तुम्ही जा आता — आणि दार लावून घ्या.