बारशाच्या वेळी अडलेला उजेड

परवा आमच्या बनशंकरी भागातल्या घरात काय झालं, ऐका. पुण्यात भावाच्या मुलीचं बारसं होतं. गुडघ्यांमुळे मला जाता येईना, म्हणून आत्याचा मान मी व्हिडिओ कॉलवरूनच घेणार होते, बाळाच्या कानात नाव सांगायचा. ऐन वेळी नेट गेलं! नेटच्या डब्यावर लाल दिवा.

वरच्या मजल्यावरच्या केतकीला हाक मारली. केबलमधून उजेड पाठवणाऱ्या यंत्रांवर दुरून नजर ठेवायची, तो कमी-जास्त करायचा, हेच तिचं ऑफिसचं काम. मीच खोदून खोदून विचारलेलं. डब्याला लॅपटॉप जोडून ती म्हणाली, "काकू, डब्यापर्यंत उजेड फारच कमी पोचतोय. वायरला कुणी हात लावला?"

"मी स्वल्प नीट केली," आमचे हे म्हणाले; 'जराशी'ला इथलं कानडी 'स्वल्प' त्यांच्या तोंडी बसलंय. "फोनमध्ये पसारा दिसेल म्हणून घडी घालून रबर लावलं."

"काका, आत काच असते! दुमडली की उजेड अडतो."

तिने रबर काढलं, दिवा हिरवा झाला. भावाने फोन बाळाच्या कानाशी धरला आणि मी नाव सांगितलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला इथे कोण? केतकीनेच घातले, चांगले सणसणीत.

त्या दिवसापासून मी तिला रोजच्यासारखं "लग्न कधी?" म्हणून विचारलेलं नाही. माझ्याकडून याहून मोठे आभार नाहीत!