घोडेगावच्या बाजाराला जाऊ देण्याबाबत

विषय : अर्जदारास घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला जाऊ देण्याबाबत. अर्जदार आमचे शेजारी बापू, मंजुरी देणाऱ्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. मसुदा माझा.

झालं असं, की बापूंना क्षयाचं औषध सुरू झालं आणि मधुमेहाची गोळी वेळेवर घेऊनही त्यांची साखर चढत गेली. वहिनींनी बाजारातल्या जिलेबीवर ठपका ठेवला आणि बापूंचा बाजार बंद केला.

डॉक्टरांनी समजावलं, "क्षयाच्या औषधानं लिव्हर जोरात कामाला लागतं. साखरेची गोळी गुण देण्याआधीच ते तिचा निकाल लावतं. आपण डोस वाढवू."

मी म्हणालो, "आलेलं प्रकरण त्याच दिवशी निकाली काढणारं खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही."

बापू म्हणाले, "डाक्तर, म्या जिलेबी खाल्ली न्हाई, एवढं लिहून द्या."

"रक्तात साखर दिसते बापू, जिलेबी दिसत नाही."

मग डॉक्टरांचं म्हणणं अर्जात घालून आम्ही तो घरी सादर केला. वहिनींनी उभ्यानंच वाचला.

"लिवर एवढं कामाचं हाय व्हय? मंग मानूस तसा का न्हाई?"

"आगं, पन बाजाराचं काय?" बापूंनी विचारलं.

"जिलेबीवाल्याला इचारते, मंग सांगते."

बापू घाईनं म्हणाले, "त्याला कशाला मधी आनती?"

अर्ज अद्याप प्रलंबित आहे. पाठपुरावा करू नये, असं खुद्द अर्जदारानं मला कळवलं आहे.