बिनभरवशाची शेगडी

मिक्सर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या नर्सबाईंनी कान टवकारले. पुढे सासू-सून दुरुस्तीवाल्याशी बोलत होत्या.

“दादा, आमची लाकडी गोळ्यांवर चालणारी शेगडी सारखी बंद पडतेय.”

“राख साठत असेल.”

“रोज काढते.”

“गोळ्या दमट?”

“कोरड्या ठणठणीत.”

“मी पहिल्यापासून सांगतेय, ती शेगडी भरवशाची नाही. मोडीत काढा!”

“थांबा हो, आई. दादा, अजून काय असेल?”

“पेटलेली असताना शेगडीचं दार उघडता का? दार उघडलं की ती आपोआप बंद होते.”

“छे, दाराला कोण हात लावतंय? ...आई?”

“अगं, विझली तर नाही ना, एवढंच उघडून बघते.”

“दाराच्या काचेतून दिसतो की जाळ!”

“काचेतल्या जाळाचं काय खरं? आणि बघ, दर वेळी माझीच शंका खरी निघते!”