उतारावर मोटरसायकल बंद करणारे गणिताचे सर

आमच्या गणिताच्या सरांसारखा कंजूस माणूस तुम्ही पाहिला नसेल, म्हणून सांगतो. बारावीत मी एकाच ठिकाणी डेरिव्हेटिव्ह काढला, तो निगेटिव्ह आला, अन् लिहून दिलं की फंक्शन शेवटपर्यंत उतरतच जाते. सरांनी दोन मार्क कापले. वर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "काऊन बे, एका जागचा उतार पाहून अख्ख्या रस्त्याचं सांगून राहिला? डेरिव्हेटिव्ह शून्य कुठं होते ते पहिले काढ, मग त्याच्या दोन्हीकडचं चिन्ह पाह."

परवा त्याच सरांना तिगावहून पांढुर्ण्याला जाऊन ट्रेन पकडायची होती. मोटरसायकल परत आणायला म्हणून मला मागं बसवलं. पहिला उतार लागला अन् सरांनी इंजिन बंद केलं.

"सर, हे काय?"

"पेट्रोल वाचवून राहिलो. आता स्टेशनापर्यंत उतारच आहे."

नाल्याच्या पुलापर्यंत होता उतार. पुढं चढाव. मोटरसायकल अर्ध्यात थांबली, अन् वीस किका मारल्या तरी चालू होईना. तिकडून ट्रेनचा भोंगा ऐकू आला.

मी म्हटलं, "सर, पुलावर डेरिव्हेटिव्ह शून्य झाला. पुढचं चिन्ह पाहायचं राहिलं तुमचं."

"शहाणपण नको शिकवू. उतर अन् धक्का मार."

"धक्का तुम्हीच मारा, सर. मी हँडल धरतो. माझे या चुकीचे दोन मार्क बारावीतच कापून झाले."